साडेसतरा महिन्यांचा कारभार: जिझ्रेच्या तरुण कुर्द नगराध्यक्षेचं प्रकरण

या प्रकरणातल्या तरुणीचं नाव मी घेतलेलं नाही. पद सार्वजनिक होतं, म्हणून गाव आणि तारखा लपवल्या नाहीत. शोधणाऱ्याला नावही सापडेल. ती 30 मार्च 2014 ला निवडून आली आणि 11 सप्टेंबर 2015 ला पदावरून काढली गेली. मधल्या साडेसतरा महिन्यांत तिच्यापुढे जे निर्णय आले त्यांतले किती खरोखर तिच्या हातात होते, हे मला तपासायचं आहे. स्थानिक राजकारणात उतरू पाहणाऱ्या कुठल्याही तरुण बाईने हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

जिझ्रे हे आग्नेय तुर्कस्तानातल्या शिर्नाक प्रांतातलं लाखावर वस्तीचं गाव. टायग्रिस नदी गावाला वळसा घालून जाते, पलीकडे सीरिया सुरू होतो, इराकची सीमाही लांब नाही. जवळच जुदी डोंगर. नोहाची नौका तिथे टेकली असं तिथले लोक मानतात आणि गावात नोहाची कबरही दाखवतात. वस्ती जवळजवळ सगळी कुर्द.

1984 पासून कुर्दिस्तान वर्कर्स पार्टी, म्हणजे पीकेके, आणि तुर्की सैन्य यांच्यात जी लढाई चालली तिच्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. नव्वदच्या दशकात सैन्याने हजारो कुर्द खेडी रिकामी केली. जिझ्रेच्या आसपासची माणसं चूलबोळकी घेऊन गावात आली आणि डोंगरउतारावर विटांची घरं बांधून राहिली. पुढे सगळ्यात जास्त पेटल्या त्या याच वस्त्या. 1992 च्या नवरोजला, म्हणजे वसंतातल्या कुर्द नववर्षाच्या सणाला, जिझ्रेत झालेल्या गोळीबारात डझनावारी माणसं मेली. ती तारीख तिथल्या प्रत्येक घराला पाठ आहे.

आपली तरुणी याच दशकाची लेक. वडील पीकेकेत होते. ती शाळेत जायच्या आधीच ते चकमकीत मारले गेले. आई मुलांना घेऊन भूमध्य समुद्राकाठच्या मेर्सिनला गेली आणि पुढे या मुलीला जर्मनीत ब्रेमेनकडे नातेवाइकांकडे पाठवलं. आई एका देशात, मुलगी दुसऱ्या. तिचं शिक्षण जर्मन भाषेत झालं. कुर्द प्रश्न तिला पुस्तकात भेटला नाही. तो घरातल्या रिकाम्या जागेतून भेटला. जर्मनीत कुर्दांची वस्ती मोठी आहे, नवरोजच्या मिरवणुका निघतात, निदर्शनं होतात. त्या वातावरणात वाढलेली पोरं दोन प्रकारची होतात. काहींना तिकडचं नाव नको असतं, काहींना तिकडे जावंसंच वाटत राहतं. ही दुसऱ्यांतली.

परतीची संधी 2013 मध्ये आली. 21 मार्चला दियारबाकरच्या नवरोज मेळाव्यात पीकेकेचे तुरुंगातले नेते अब्दुल्ला ओजलान यांचं पत्र वाचलं गेलं, शस्त्रसंधी झाली आणि बोलणी सुरू झाली. त्याच वर्षी क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही कुर्द भाषेला लागणारी तीन अक्षरं कायदेशीर करण्याची घोषणा सरकारने केली. 1928 च्या लिपी कायद्यात ती बसत नव्हती आणि नावात ती आली म्हणून खटले झाले होते. तीन अक्षरांवर इतकं अडलेलं होतं, तिथे ती मोकळी झाल्यावर लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करावी.

ती परतली. वर्षभरात तिथल्या कुर्द पक्षाने नगराध्यक्षपदाची उमेदवारी दिली. वडिलांची आठवण ठेवणारी माणसं गावात होती. तरीही वय सत्ताविशीच्या आसपास, बाई, आणि वाढलेली परदेशात. अशा उमेदवाराला ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं पडली. 2014 मध्ये अख्ख्या तुर्कस्तानात स्त्री नगराध्यक्षा जेमतेम तीन टक्के होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच कुर्द पक्षाच्या. याचं श्रेय त्या पक्षातल्या बायकांना आहे. त्यांनी भांडून सहअध्यक्षपदाची पद्धत आणली होती: प्रत्येक पालिकेत एक बाई आणि एक पुरुष मिळून कारभार करणार. कायदा मात्र एकालाच ओळखत होता. जिझ्रेत कागदावरचं नाव तिचं होतं, म्हणजे सही तिची आणि खटलाही तिच्यावरच.

प्रश्न नेमका काय होता

तुर्कस्तानात पालिकेला 'बेलेदिये' म्हणतात. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना निजामाच्या काळातली 'बलदिया' आठवेल, शब्द तोच. बेलेदियेचा अध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो आणि कारभार खरोखर त्याच्या हातात असतो. आपल्याकडच्या महापौरापेक्षा थेट निवडल्या जाणाऱ्या नगराध्यक्षाशी त्याची तुलना जास्त जुळते.

पण त्याच गावात दुसरा एक कारभारी बसतो. तालुक्याला 'काइमाकाम' आणि प्रांताला 'वाली', दोघेही अंकाराहून नेमलेले. पोलीस त्यांचे, संचारबंदीचा हुकूम त्यांचा. मराठीत 'वाली' म्हणजे पाठीशी उभा राहणारा, आणि 'काइमाकाम' ज्या दोन शब्दांचा झालाय ते आपले 'कायम' आणि 'मुक्काम'. जिझ्रेच्या माणसाला त्या दोन्ही खुर्च्यांचा अनुभव बहुतेक वेळा उलटाच आला.

म्हणजे नगराध्यक्षेच्या हातात पाणी, कचरा, रस्ते, बागा आणि बायकांसाठीची केंद्रं. लोक मात्र तिच्याकडे बघत होते ते 1992 च्या हिशेबाने. मत बागेसाठी पडलं नव्हतं. ज्यावर तिचं काडीइतकंही चालत नव्हतं, त्याचाच जाब तिला दोन्हीकडून विचारला जाणार होता. शांतता होती तोवर ही फट झाकलेली राहिली.

2015 च्या उन्हाळ्यात ती उघडी पडली. 7 जूनच्या निवडणुकीत कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या एचडीपी या पक्षाने संसदेत जायला लागणारा 10 टक्क्यांचा उंबरठा ओलांडून 13 टक्के मतं आणि 80 जागा मिळवल्या, आणि सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. 20 जुलैला सुरुचमध्ये आत्मघाती स्फोटात तीसहून जास्त तरुण मेले. दोन दिवसांनी जेलानपनारमध्ये दोन पोलिसांची त्यांच्या घरात हत्या झाली. मग पीकेकेवर तुर्की विमानांचे हल्ले सुरू झाले आणि बोलणी संपली. ऑगस्टमध्ये शिर्नाक, जिझ्रे, सिलोपी, नुसैबिन अशा गावांनी 'स्वशासन' जाहीर केलं. वस्त्यांत तरुण पोरांनी खंदक खणले आणि अडथळे उभे केले. नेम धरून बसलेल्यांना गल्ली दिसू नये म्हणून या घरापासून त्या घरापर्यंत चादरी आणि घोंगड्या टांगल्या. लग्नाच्या मांडवाला लावावं तसं रंगीबेरंगी कापड, आणि त्याच्याखालून बायका भाजी आणायला जाताहेत.

समोरचे पर्याय

हे पर्याय मी बाहेरून आणि घडून गेल्यानंतर मांडतोय, हे आधी सांगतो. तेव्हा तिथे ते इतके सुटे सुटे दिसत नसणार.

खंदकांविरुद्ध उघड बोलणं हा एक. पण ती पोरं याच मतदारांच्या घरातली होती, काही तिच्यासारखीच बापाविना वाढलेली. जर्मनीहून आलेल्या बाईने त्यांना 'घरी जा' म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकलं नसतं आणि तिचा आवाजही गेला असता. उलट, खंदकांना उघड पाठिंबा देणं म्हणजे पालिकेवर कारवाईला आयतं निमित्त. दुसऱ्या गावांत स्वशासनाच्या घोषणेसोबत उभे राहिलेले नगराध्यक्ष ऑगस्टमध्येच अटकेत गेले होते.

तिसरा पर्याय मला सगळ्यात कठीण वाटतो: फक्त पालिकेचं काम. पाणी येतंय का, कचरा उचलला का, एवढंच. सुरच्या पालिकेने या वाटेवरही काय होतं ते आधी बघितलं होतं. दियारबाकरच्या त्या जुन्या भागात अब्दुल्ला देमिरबाश यांच्या पालिकेने तुर्कीसोबत कुर्द आणि इतर भाषांत सेवा द्यायला सुरुवात केली, तर 2007 मध्ये त्यांना पदावरून काढलं आणि अख्खी परिषद बरखास्त केली. 2009 मध्ये लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडलं. म्हणजे निव्वळ सेवा देण्यानेही संरक्षण मिळत नव्हतं. मात्र परत निवडून येण्याची वाट त्या काळी उघडी होती.

चौथा, मध्यस्थी. खंदकातल्या पोरांशी आणि काइमाकामशी दोघांशीही बोलणारं माणूस गावात दुसरं कोण होतं? पण मध्यस्थाला दोन्ही बाजूंनी थोडी किंमत द्यावी लागते, आणि ऑगस्ट 2015 मध्ये अंकाराला कुर्द नगराध्यक्षांना ती द्यायची नव्हती.

काय घडलं आणि तिने काय केलं

4 सप्टेंबरच्या संध्याकाळी वालीच्या हुकमाने संचारबंदी लागली. रात्रीपुरती नव्हे, अहोरात्र, सगळ्या गावाला, 12 तारखेच्या सकाळपर्यंत. बाहेर चाळीस अंशांच्या जवळचं ऊन. वीज गेली, फोन गेले, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना गोळ्या लागल्या. पाणी हे नगराध्यक्षेचं पहिलं काम, आणि त्या आठ दिवसांत पालिकेच्या माणसालाही फुटलेली नळी जोडायला रस्त्यावर येण्याची मुभा नव्हती. एका घरात गोळी लागून मेलेल्या लहान मुलीला पुरायला नेता येईना. आईवडिलांनी तिला घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. ही बातमी जगभर गेली. मला ती वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

एचडीपीचे नेते सेलाहत्तिन देमिरताश खासदारांना घेऊन पायी जिझ्रेकडे निघाले, त्यांना वाटेत अडवलं. पक्षाने मेलेल्या नागरिकांचा आकडा 21 सांगितला. सरकारने मेलेले जवळजवळ सगळे दहशतवादी ठरवले.

त्याच सुमारास तिने एका परदेशी वृत्तवाहिनीला दिलेली मुलाखत हा या प्रकरणाचा कणा आहे. परिस्थिती अशीच राहिली तर यादवी युद्धाचा धोका आहे, असा आपल्या बोलण्याचा अर्थ होता, असं तिचं म्हणणं. तुर्की मथळ्यांत आलं ते असं, की जिझ्रेपासून आम्ही यादवी युद्ध सुरू करू. धोक्याच्या इशाऱ्याचं धमकीत रूपांतर व्हायला एक क्रियापद पुरलं. 11 सप्टेंबरला, संचारबंदी उठायच्या आदल्या दिवशी, गृहमंत्रालयाने तिला पदावरून दूर केलं. आरोप दहशतवादाच्या प्रचाराचे आणि लोकांना उठावाला चिथावल्याचे. तुर्कस्तानच्या राज्यघटनेच्या 127 व्या कलमात, चौकशी चालू असलेल्या स्थानिक लोकप्रतिनिधीला तात्पुरतं दूर करण्याचा अधिकार गृहमंत्र्याला आहे. 'तात्पुरतं' हा शब्द पुढे कधी संपलाच नाही.

तिने आपलं बोलणं मोडूनतोडून मांडल्याचं जाहीरपणे सांगितलं. पण तोवर मथळा गावोगाव पोचला होता. ताब्यात घेणं, सोडणं, पुन्हा चौकशी, हे चक्र सुरू झालं.

निष्पत्ती

गावासाठी याहून वाईट पुढेच होतं. 14 डिसेंबर 2015 पासून 2 मार्च 2016 पर्यंत जिझ्रेत पुन्हा अहोरात्र संचारबंदी लागली, आणि या वेळी रणगाडे वस्तीत शिरले. जखमी माणसं तळघरांत अडकली. आतून खासदारांना फोन येत राहिले, किती जण जिवंत आहेत, कुणाचं रक्त थांबत नाही. रुग्णवाहिका पोचल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2017 च्या अहवालात नोंदवलं की 189 पर्यंत माणसं आठवडेच्या आठवडे अन्न, पाणी, वीज आणि उपचारांविना तळघरांत अडकली होती. आग्नेय तुर्कस्तानात जुलै 2015 ते डिसेंबर 2016 या काळात सुमारे 2,000 माणसं मेली आणि पाच लाखांपर्यंत विस्थापित झाली, असा त्या अहवालाचा अंदाज. तुर्की सरकारने अहवाल फेटाळला. व्हेनिस आयोगाने, म्हणजे युरोप परिषदेच्या घटनातज्ज्ञांच्या मंडळाने, जून 2016 मध्येच सांगितलं होतं की अशा संचारबंदीला तुर्की कायद्यात पुरेसा आधार नाही.

तिला काढलं तेव्हा निदान कायद्यात एवढं होतं की रिकाम्या जागी पालिकेच्या परिषदेने माणूस निवडायचा. 1 सप्टेंबर 2016 च्या 674 क्रमांकाच्या अध्यादेशाने तेही गेलं. आता दहशतवादाच्या आरोपावरून काढलेल्या नगराध्यक्षाच्या जागी सरकारच विश्वस्त, 'काय्यूम', बसवू लागलं. दहा दिवसांत 28 पालिकांवर विश्वस्त आले. मुदत संपेपर्यंत कुर्द पक्षाच्या 102 पालिकांपैकी नव्वदहून जास्त गेल्या. दियारबाकरच्या सहनगराध्यक्षा गुल्तान कशानाक ऑक्टोबर 2016 मध्ये अटकेत गेल्या त्या मे 2024 मध्ये सुटल्या. विश्वस्त आले तिथे बायकांची सल्ला केंद्रं बहुतेक ठिकाणी आधी बंद झाली. ज्यासाठी सहअध्यक्षपद आणलं होतं त्यावरच पहिला घाव, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ती स्वतः शेवटी देशाबाहेर पडून पुन्हा जर्मनीत पोचली आणि तिथून पक्षाचं काम करू लागली. लहानपणी जिथे पाठवली गेली होती तिथेच, या वेळी निर्वासित म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळं आधीच ठरलेलं होतं, तिने काहीही केलं असतं तरी ती गेलीच असती, असं म्हणणारे बरेच भेटतात. पुढच्या वर्षी मुलाखत न देणारेही गेले, हा त्यांचा पुरावा, आणि तो खरा आहे. तरी तीन ठिकाणी मी थांबतो.

पहिलं, मुलाखत. वेढ्यातल्या गावाच्या प्रमुखाने बोलूच नये असं मी म्हणणार नाही. फोन बंद असताना तिचा आवाज हाच गावाचा आवाज होता. पण सतत ताणाखाली असलेल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्त बोलणं आणि ते दोन भाषा ओलांडून मथळ्यात येणं, यातला धोका पक्षाने ओळखायला हवा होता. लिहिलेलं निवेदन, तेच कुर्द आणि तुर्कीत एकाच वेळी प्रसिद्ध, आणि प्रत्येक मुलाखतीचं स्वतःकडे पूर्ण ध्वनिमुद्रण, एवढं तरी करता आलं असतं. हे तिने एकटीने करायचं काम नव्हतं. तिच्या शेजारी एक अनुभवी वकील आणि एक भाषा जाणणारा बसवणं ही पक्षाची जबाबदारी होती.

दुसरं, सहअध्यक्षपद. सगळं ओझं एका सहीवर पडू नये ही त्यातली एक मोठी सोय. प्रत्यक्षात राजकीय बोलणं आणि कागदावरची सही दोन्ही तिच्याकडेच राहिली. ज्याचं नाव कायद्यात नाही त्याने राजकीय बोलावं आणि जिचं आहे तिने पाण्याच्या टाक्यांबद्दल बोलावं, अशी वाटणी करता आली असती. यात एक अडचण मला टोचते: मग पुन्हा पुरुष बोलणार आणि बाई नळ बघणार. बायकांनी एवढं भांडून मिळवलेलं व्यासपीठ सुरक्षिततेच्या नावाखाली परत द्यायचं का? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

तिसरं खंदकांचं, आणि हे सगळ्यात अवघड. निवडून आलेल्यांनी जुलै-ऑगस्टमध्येच, खंदक खोल व्हायच्या आधी, स्पष्ट भूमिका घ्यायला हवी होती असं मला वाटतं. वस्तीच्या मधोमध खंदक खणले की लढाई घराघरांत शिरणार, हे नव्वदच्या दशकातल्या आयांना कळत होतं. त्या आया मतदार होत्या. त्यांना पुढे घेऊन, पोरांच्या संघटनेशी आणि पक्षाच्या वरच्या फळीशी वाद घालायची हिंमत एका नव्या नगराध्यक्षेकडून अपेक्षिणं जड आहे. ते काम दियारबाकरच्या आणि अंकाराच्या ज्येष्ठांचं होतं. त्यांनी ते पुरेशा मोठ्याने केलं नाही. राज्यसत्तेने रणगाडे गल्लीत घातले याचा दोष त्यामुळे कणभरही कमी होत नाही.

पुढच्या पिढीने यातलं काही घेतलेलं दिसतं. 31 मार्च 2024 च्या निवडणुकीनंतर वान शहरात विजयी कुर्द उमेदवाराला प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा लोक त्याच संध्याकाळपासून रस्त्यावर आले. सोबत निवडणूक मंडळाकडे अपील गेलं, आणि 3 एप्रिलला मंडळाने निर्णय फिरवला. खंदक नव्हते, उघडे चौक होते. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे विश्वस्त बसलाच. मे 2025 मध्ये पीकेकेने आपण विसर्जित होत असल्याचं जाहीर केलं.

त्या आधीची एक नोंद राहते. मार्च 2024 मध्ये बात्मान शहराने 31 वर्षांच्या गुलिस्तान सोनुक यांना सुमारे 64 टक्के मतांनी नगराध्यक्षा केलं. 4 नोव्हेंबर 2024 ला त्यांच्या जागी विश्वस्त आला. कारभार सात महिन्यांचा.